मियाँ-बीबी राजी, पण कागदाचं काय?

माझ्या मामूंची धाकटी मुलगी इंदापूर तालुक्यातली. लग्न होऊन बारामतीत आली, साडेपाच वर्षं संसार केला आणि एक दिवस दोघांनी ठरवलं की आता पुरे. मारहाण नाही, दारू नाही, देण्याघेण्याचा वाद नाही, तिसरं माणूस नाही. जमत नव्हतं, इतकंच. तो दुधाच्या टँकरवर चालक, ती टेक्स्टाइल पार्कमध्ये शिलाईच्या कामाला, चार वर्षांची एक मुलगी. दोन्हीकडच्या मोठ्यांनी दोन बैठका घेतल्या, समजावलं, अजून एक महिना एकत्र राहून बघा म्हणाले. महिना संपला आणि दोघे आपापल्या घरी गेले. इतक्या शांतपणे मोडलेलं लग्न आमच्या खानदानात मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढे जे सगळे करतात तेच झालं. कुणीतरी ओळखीचा, पाचशेचा स्टँपपेपर, टायपिंगचं दुकान, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार. अर्ध्या तासात 'तलाकनामा' हातात. सगळ्यांनी चहा घेतला. मोकळे झालो असं दोघांनाही वाटलं.

वर्षभराने तिला अकलूजहून स्थळ आलं. मुलाचे मामू निवृत्त शिक्षक. त्यांनी एकच प्रश्न विचारला, 'कोर्टाचा कागद आहे का?' त्याच सुमाराला लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली होती आणि अंगणवाडीच्या ताईही तेच विचारत होत्या: घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा कोर्टाचा आदेश आणा. तेव्हा तो तलाकनामा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर आला. घरात एक इंजिनिअर असला की बंद पडलेल्या प्रिंटरपासून मोडलेल्या लग्नापर्यंत सगळं त्याच्याकडेच येतं.

मी तो दोनदा वाचला. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की नवरा राजीखुशीने पत्नीस 'तलाक, तलाक, तलाक' देत आहे आणि आजपासून उभयतांचा संबंध संपला आहे. खाली दोघांच्या सह्या. टायपिंगवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये हा नमुना किती वर्षांपासून पडलेला असेल कोण जाणे. त्याने फक्त नावं बदलली होती.

इथे थांबून काही गोष्टी स्पष्ट करतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरातल्या लोखंडी कपाटात असा कागद पडलेला असणार.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शायरा बानो प्रकरणात एका दमात दिलेला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्दबातल ठरवला. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हाही झाला: तीन वर्षांपर्यंत कैद. तोंडी असो, लेखी असो की मोबाइलवर पाठवलेला असो, फरक पडत नाही. बायकोची संमती होती का, हा प्रश्न कायदा विचारतच नाही. म्हणजे आमच्या प्रकरणात, दोघांनी हसतखेळत सही केलेल्या त्या कागदामुळे घटस्फोट तर झालाच नव्हता, उलट नवऱ्याने स्वतःविरुद्ध पुरावा स्टँपपेपरवर छापून ठेवला होता. तक्रार पत्नीच करू शकते असंही नाही. तिचा रक्ताचा किंवा लग्नाने जोडलेला कुणीही नातेवाईक करू शकतो. उद्या एखाद्या काकांशी बांधावरून बिनसलं की संपलं.

तिची बाजू त्याहून नाजूक. त्या कागदावर विसंबून तिने अकलूजला निकाह केला असता, तर कायद्याच्या नजरेत पहिलं लग्न टिकून असताना केलेलं ते दुसरं लग्न ठरलं असतं. मुस्लिम पुरुषाच्या दुसऱ्या लग्नावर आपण टीव्हीवर पुष्कळ वाद ऐकतो. मुस्लिम स्त्रीचं पहिलं लग्न कायद्याने सुटलं नसेल तर तिचं दुसरं लग्न रद्द ठरतं आणि तो गुन्हा होतो, हे मात्र तिला कुणीच सांगत नाही. त्या निवृत्त मास्तरांचा मला सुरुवातीला राग आला होता. आता वाटतं, त्यांनीच तिला वाचवलं.

मग नोटरीच्या शिक्क्याला काय अर्थ? सही त्याच माणसाने केली, एवढाच. नोटरी लग्न लावत नाही आणि सोडवतही नाही. केंद्राच्या विधी खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटरींना लेखी बजावलं की लग्नाचे आणि घटस्फोटाचे दस्त करून देणं हे तुमचं काम नाही. तरीही ती दुकानं चालू आहेत, कारण लोकांना अर्ध्या तासात मिळणारा कागद हवा असतो.

मी एका वकिलांना गाठलं. नाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हता. दोघे राजी आहेत म्हटल्यावर ते म्हणाले, 'सोपं आहे, म्युच्युअल टाकू, सहा महिन्यांत काम होईल.' चार दिवसांनी मसुदा आला. वर मोठ्या अक्षरात हिंदू विवाह कायदा, कलम १३-ब. आमच्या धंद्यात दुसऱ्याचा कोड उचलून चिकटवतात आणि व्हेरिएबलचं नाव बदलायला विसरतात, तसं. कलम १३-ब हिंदू कायद्याखाली झालेल्या लग्नाला लागतं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी लग्न केलं असेल, तर त्या कायद्यात कलम २८ आहे आणि धर्म कुठलाही असो, ते वापरता येतं. पण निकाह झालेल्या जोडप्याला यातलं काहीही लागू नाही. एक वर्ष वेगळं राहण्याची अट नाही आणि सहा महिने थांबण्याचीही नाही.

चूक दाखवल्यावर त्यांनी दुसरी वाट सुचवली: १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याखाली तिच्याकडून दावा लावू. तो कायदा चांगला आहे, आपल्या आज्या-पणज्यांना त्यानेच पहिल्यांदा कोर्टाचं दार उघडून दिलं. नवरा चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं खर्च देत नाही, सात वर्षांची शिक्षा झाली, क्रूरपणे वागतो, अशी कारणं त्यात आहेत. पण इथे यातलं एकही कारण नव्हतं. वकील म्हणाले, 'क्रूरता लिहू या थोडीशी, तो हरकत घेणार नाही.' फोन स्पीकरवर होता. माझी बहीण म्हणाली, 'भाईजान, त्याने माझ्यावर कधी हात उचलला नाही. माझी मुलगी मोठी झाल्यावर हा कागद वाचेल ना?'

त्या वाक्यानंतर मी नीट अभ्यासाला बसलो.

आपल्याकडे यासाठी शब्द आहे आणि तो नवा नाही. मुबारात. दोघांनी मिळून, एकमेकांच्या संमतीने लग्नातून मोकळं होणं. तलाकमध्ये पुढाकार नवऱ्याचा, खुलामध्ये बायकोचा, मुबारातमध्ये दोघांचा. १९३७ च्या शरियत कायद्याच्या कलम २ मध्ये तलाक, इला, जिहार, लिआन, खुला यांच्या रांगेत मुबारात स्पष्ट छापलेली आहे. म्हणजे संसदेच्या सोडा, इंग्रजांच्या काळापासून हा शब्द भारताच्या कायद्यात आहे. मी बारामतीत आणि इंदापुरात मिळून पंधरा-वीस जणांना विचारलं असेल, त्यात दोन हाफिज होते. बाकीच्यांनी हा शब्द ऐकलेलाच नव्हता. तलाक सगळ्यांना माहीत. खुला म्हटलं की 'बाईने मागितलेला' असं खालच्या आवाजात सांगतात. दोघांनी मिळून मागितलेल्या गोष्टीला आमच्या बोलण्यात नावच नाही.

यात माझी एक तक्रार आपल्या चळवळीविषयीही आहे. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, चार वर्षांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं राहिलं. त्या सात जणींचं ऋण मोठं आहे. पण तेव्हापासून आपलं सगळं बोलणं अन्यायाभोवती फिरलं, आणि ते साहजिकही होतं. ज्या घरात अन्याय नाही, फक्त दोन माणसं थकली आहेत, त्यांना द्यायला आपल्याकडे कागदाचा साधा नमुनाही नाही. मग ती टायपिंगवाल्याकडे जातात आणि तो त्यांना तिहेरी तलाक छापून देतो. ज्याच्याविरुद्ध साठ वर्षं लढलो, तेच त्या दुकानातून हवं तेव्हा छापून मिळतं.

कोर्ट कशाला, असा प्रश्न आमच्या मामूंनीच विचारला. मुबारात दोघांच्या कबुलीने पूर्ण होते, मग जजची सही का? प्रश्न बरोबर आहे आणि उत्तरही सरळ आहे. कोर्ट मुबारात करत नाही, झालेली मुबारात झाली आहे असं जाहीर करतं. केरळ उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये हेच सांगितलं: खुला, मुबारात वगैरे कोर्टाबाहेर वैध आहेत, आणि कौटुंबिक न्यायालयाने फार खोलात न शिरता त्यावर आपली मोहोर उमटवावी. गुजरात उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तर मुबारातीला लेखी करारच हवा असं नाही, असंही म्हटलं. तत्त्व म्हणून ते ठीक. पण पासपोर्ट कार्यालय, बँक, अंगणवाडी आणि अकलूजचे मास्तर यांना तत्त्व दाखवता येत नाही, हुकूमनामा दाखवता येतो.

उलट बाजूही आपल्या महाराष्ट्रातच घडली आहे. दगडू पठाण प्रकरणात २००२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्ण पीठाने सांगितलं की 'मी हिला आधीच तलाक दिला आहे' एवढं नवऱ्याने कैफियतीत लिहून भागत नाही. कारण काय होतं, दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केला का, तलाक खरोखर दिला का, हे सगळं सिद्ध करावं लागेल. सूरह निसामध्ये दोन घरांतून एकेक मध्यस्थ नेमायला सांगितलं आहे, तोच धागा त्या निकालात आहे. आमच्याकडे त्या दोन बैठका झाल्याच होत्या. फक्त कुणी त्यांची तारीख लिहून ठेवली नव्हती. तुम्ही ठेवा. कोण बसलं होतं, कधी, कुठे, काय ठरलं, एक पान पुरतं.

कौटुंबिक न्यायालय पुण्यात आहे, पण बारामती-इंदापूरकरांना त्यासाठी शंभर-सव्वाशे किलोमीटर जायची गरज नाही. अशी प्रकरणं इथल्या दिवाणी न्यायालयात चालतात. दोघांचं शेवटचं एकत्र घर बारामतीत, म्हणून दावा बारामतीत. वैवाहिक स्थिती जाहीर करून मागण्याचा दावा, विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३४ खाली. ती वादी, तो प्रतिवादी, आणि प्रतिवादीची कैफियत एका ओळीची: मजकूर खरा आहे.

तिला वादी करण्यामागे हिशेब होता. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कुठल्याही स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. पुरुषाला उत्पन्नाची मर्यादा आहे, महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख. प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे साध्या कागदावर अर्ज चालतो. दुसरं म्हणजे, १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने महाराष्ट्र सरकारने घटस्फोट, पोटगी अशा प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली आहे. तीस वर्षांहून जुनी सवलत. आमच्या आळीत ती कुणाला माहीत असल्याचं मला तरी दिसलं नाही. फोन करायचा असेल तर १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक लक्षात ठेवा.

समितीने एक तरुण वकीलताई दिल्या. त्यांनी याआधी मुबारातीचं प्रकरण केलं नव्हतं आणि तसं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. मला ते आवडलं. त्यांनी दोन दिवस मागितले, वाचून आल्या आणि म्हणाल्या, 'जुना तलाकनामा विसरा, नवा मुबारातनामा करू, आणि त्यात पैशाचं सगळं लिहू.'

खरी मेहनत त्या पैशाच्या कलमांत गेली. राजीखुशी राजीखुशी म्हणतात, तिची परीक्षा इथे असते. मेहर ठरला होता एकावन्न हजार, पैकी अकरा हजार निकाहाच्या दिवशी दिले होते, चाळीस बाकी. मामू म्हणाले, जाऊ दे, मुलगी मोकळी होतेय ना. आता ऐका. खुला असो की मुबारात, करारात वेगळं लिहिलं नसेल तर बायकोने बाकी मेहर सोडला असंच कायदा धरतो. गप्प राहणं म्हणजे चाळीस हजार सोडणं. इद्दतचा खर्च आणि मुलांचा खर्च मात्र असा आपोआप बुडत नाही, आणि मुलीचा हक्क आईला सोडताही येत नाही, कारण तो आईचा नाहीच. आमच्या जुन्या तलाकनाम्यात यातलं एक अक्षर नव्हतं. 'उभयतांचे एकमेकांकडे काही घेणे राहिले नाही', एवढं एक गुळगुळीत वाक्य होतं. असं वाक्य दिसलं की सही करू नका.

तो काही श्रीमंत माणूस नव्हता. पहिल्या बैठकीत म्हणाला, एवढे कुठून आणू? मग वकीलताईंनी त्याला शांतपणे समजावलं की शाह बानोनंतरचा १९८६ चा कायदा आणि २००१ चा दानियल लतिफी निकाल यांमुळे इद्दतच्या काळातच तिच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला फौजदारी कायद्याखालची पोटगीही मागता येते. धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून सांगितलं. शेवटी ठरलं ते असं: मेहरचे चाळीस हजार दोन हप्त्यांत, तिची शिलाई मशीन आणि दागिने यादीसह परत, तरतूद म्हणून साठ हजार, मुलीसाठी दरमहा चार हजार आणि दर दोन वर्षांनी त्यात वाढ. मुलगी आईकडे, दर रविवारी बापाची भेट, शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव कायम. चार हजार कमीच आहेत. पण दर महिन्याला येणारे चार हजार, कधीच न येणाऱ्या दहा हजारांपेक्षा बरे, असं बहीणच म्हणाली.

नव्या कागदात तलाक हा शब्द एकदाही नाही. 'आम्ही दोघे परस्परसंमतीने मुबारात करून निकाहातून मुक्त होत आहोत', तारीख, चार साक्षीदार, दोन तिच्या बाजूचे, दोन त्याच्या. त्या तारखेपासून इद्दत. एका मौलानांना बोलावलं होतं, त्यांनी वाचून सही केली. त्यांच्या सहीला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ नाही. दारुल कजाच्या निर्णयाला आणि फतव्याला कायद्याची मान्यता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलं आहे. पण मामूंच्या मनाला त्या सहीची गरज होती, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मौलाना जाता जाता एवढंच म्हणाले की पुढे कधी मन बदललं तर दोघे नव्याने निकाह करू शकतात, मध्ये कसलीही अट नाही. दोघांनी माना खाली घातल्या.

कोर्टात पाच महिने लागले. पहिल्या तारखेला समन्स, दुसरीला तो स्वतः हजर, वकील न लावता. मग कैफियत, मग तडजोड पुरसिस. न्यायाधीशांनी दोघांना जवळ बोलावून विचारलं, कुणाचा दबाव आहे का, मेहरचा हप्ता मिळाला का, मुलगी कुठे राहते. तिने उत्तरं दिली. त्याने दिली. कोर्टात शेजारच्या बाकावर आणखी तीन जोडपी बसली होती आणि त्यांची भांडणं जिन्यापर्यंत ऐकू येत होती. आमच्या दोघांनी एकाच बाटलीतलं पाणी प्यायलं. शिपाई मला म्हणाला, हे दोघं सोडचिठ्ठीलाच आलेत ना?

आपल्या जमातीच्या विश्वस्तांकडे माझी मागणी छोटी आहे. मशिदीत निकाहाचं रजिस्टर असतं, त्याच्या शेजारी मुबारात आणि खुलाचं रजिस्टर ठेवा. दोन बैठकांच्या तारखा त्यात लिहा. टायपिंगच्या दुकानाचा पत्ता सांगण्याऐवजी तालुका विधी सेवा समितीचा सांगा. आणि तुम्ही, जे हे मोबाइलवर वाचताय, आपल्या घरातला जुना तलाकनामा काढून तिसरा परिच्छेद वाचा. त्यात तो शब्द तीनदा असेल तर वाट बघू नका, विशेषतः ती बहीण पुन्हा लग्नाचा विचार करत असेल तर. 'घरातली गोष्ट कोर्टात' म्हणून नाक मुरडणारे भेटतील. निकाहाला दोनशे माणसं जेवायला बोलावली तेव्हा ती गोष्ट घरातली नव्हती.

हुकूमनाम्याची नक्कल मिळाली तो बुधवार होता. बहीण एक प्रत अंगणवाडीत देऊन आली, दुसरी मास्तरांना पाठवली. अकलूजचं पुढे काय झालं ते तिचं ती सांगेल. संध्याकाळी तो टँकर घेऊन भिगवणकडे निघाला होता, तो वाट वाकडी करून इंदापूरला आला. करारात भेटीचा वार रविवार लिहिलेला आहे. मामूंनी दार उघडलं, बुधवार आहे असं कुणी म्हणालं नाही, आणि मुलगी चपला न घालताच धावत टँकरकडे गेली.